आमची वाटचाल : बायोस चिपचं काम

सुरुवातीला आमच्याकडे फॉरमॅट, स्क्रीन, कीबोर्ड अशीच कामं यायची. पॉवर येते पण डिस्प्ले नाही, असा लॅपटॉप आला की त्याचा मदरबोर्ड बाहेर चिप लेव्हलला, म्हणजे बोर्डावरच्या चिपा दुरुस्त करणाऱ्याकडे जायचा. काही बोर्ड चालू होऊन यायचे, पण सिरीयल नंबर आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची मशीनची ओळख) गायब! बायोस चिपमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम जिच्यात असतो त्या चिपमध्ये, दुसऱ्याच मशीनची फाइल भरलेली असायची. ग्राहकाचं मशीन त्याच्याच ओळखीनिशी परत जायला हवं, या हट्टापायी आम्ही हे काम हाती घेतलं.

आठ पायांची चिप. तिच्यावर प्रोग्रामरची (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राची) क्लिप लावावी आणि चिपच्या आयडीच्या जागी नुसतं एफएफ एफएफ एफएफ यावं, म्हणजे काहीच वाचलं जाऊ नये, हे नेहमीचंच. बहुतेकदा पायांवर कोटिंग असतं, नाहीतर क्लिपची लाल वायर चिपच्या एक नंबर पायाजवळच्या ठिपक्याकडे नसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाय पुसून पुन्हा लावायची. तरीही दाद देत नसेल तर कारण बोर्डात आहे. आठव्या पायाला दिलेले ३.३ व्होल्ट चिपपुरते राहत नाहीत. त्याच रेलवरचा (वीजपुरवठ्याच्या लाइनवरचा) चिपसेट अर्धवट जागा होतो आणि डेटा लाइनमध्ये लुडबुड करतो. मग क्लिपशी झटापट नको, हॉट एअरने चिप उतरवून सॉकेटमध्ये वाचायची.

व्होल्टेज मात्र आधी बघायचं. विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू १.८ ची. शेवटच्या एका अक्षरावर चिपचा जीव असतो. सीएच३४१ए प्रोग्रामरच्या काही बोर्डांवर डेटा लाइनला ५ व्होल्ट येतात, म्हणून नवा प्रोग्रामर आला की पहिलं मल्टिमीटर.

आमच्याकडे बॅकअपशिवाय इरेज नाही. दोनदा वाचायचं, चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा पडताळणीचा आकडा) जुळवायचा. पण नुसता चेकसम पुरत नाही, दोन्ही फाइली कोऱ्या असल्या तरी तो जुळतोच! म्हणून फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे तिचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडायची. इंटेलच्या बोर्डाच्या पूर्ण डम्पमध्ये (चिपमधून वाचलेल्या पूर्ण फाइलमध्ये) १०एच या जागेवर ५ए ए५ एफ० ०एफ ही खूण दिसली की जीव भांड्यात पडतो. कंपनीच्या अपडेट फाइलमध्ये बऱ्याचदा फक्त बायोसचा भाग असतो. ती तशीच भरली तर बोर्ड उठत नाही. ग्राहकाच्या डम्पमध्येच तेवढा भाग बसवायचा, सिरीयल नंबर आणि मॅक ॲड्रेस राखायचे, आणि लिहून झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे चिप पुन्हा वाचून फाइलशी जुळवायची. हे काम वेळखाऊ आहे, पण आम्हाला ते मनापासून आवडतं.

आता इतर दुरुस्तीवालेही आमच्याकडे काम पाठवतात. काहीजण नुसती चिप पाठवू का विचारतात. आम्ही बोर्डासकटच मागतो. फाइल बरोबर बसली की नाही, हे बोर्ड चालू झाल्यावरच कळतं.