हतनूरचं पाणी, गळ आणि डोळ्यांवर येणारी चमक

भुसावळ-रावेर पट्ट्यातला माणूस उन्हाला घाबरत नाही. पारा ४५ च्या घरात गेला तरी डोक्याला रुमाल गुंडाळून केळीच्या बागेत काम चालूच असतं. पण पाण्यावरचं ऊन वेगळं. हतनूरच्या जलाशयावर गळ टाकून बसलं की ते कळतं. डोक्यावर टोपी असते, तोंडावर सावली असते, तरी तासाभरात डोळे मिचमिचे होतात आणि पाणी यायला लागतं. कारण हे ऊन वरून येतच नाही. ते समोरून, खालून, पाण्यावर आपटून येतं, आणि टोपीचा त्याला काहीही अडथळा नसतो.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही घरचे काही जण चांगदेवच्या बाजूला मासोळ्या धरायला गेलो. माझा भाचा कॅनडातल्या विनिपेगहून सुट्टीवर आला होता. लहानपणी तो माझ्याबरोबर तापीवर यायचा, त्याची ती हौस तिकडेही सुटली नाही. तिकडे हिवाळ्यात विनिपेगचा सरोवर गोठतो आणि लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. तोही जातो. त्यामुळे या वेळी आमच्या सामानात गांडुळांचा डबा, तंगूस, कणकेचे गोळे यांच्या जोडीला त्याने प्रत्येकासाठी चष्मा ठेवला होता. मला ते सुरुवातीला अति वाटलं. दिवस संपता संपता मात्र वाटलं, हे सगळ्यांना सांगायला हवं.

जायचा रस्ता सोपा आहे. भुसावळहून वरणगाव, तिथून मुक्ताईनगरच्या दिशेने. हतनूरचं धरण तापीवर, ४१ दरवाज्यांचं, आणि त्याचं पाणी मागे पसरत पूर्णा-तापीच्या संगमापर्यंत जातं. चांगदेवचं जुनं दगडी मंदिर तिथेच आहे. गेलात तर आधी ते निवांत बघा. महाशिवरात्रीच्या सुमारास या भागात चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, तेव्हा गळ घेऊन जाऊ नका, गर्दीत ना देव भेटतो ना मासा. पावसाळ्यात तर नकोच. दरवाजे उघडायची वेळ आली की पाणी बघता बघता बदलतं. आणि कुठल्याही मोसमात आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. जलाशयातली मासेमारी सहसा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. आम्ही एका नाववाल्या काकांना विचारूनच बसलो, आणि बसायची जागाही त्यांनीच दाखवली.

ती जागा दाखवताना काका जे बोलले ते मला फार मोलाचं वाटलं. आम्ही एका छान झाडाखाली सतरंजी टाकायच्या बेतात होतो. ते म्हणाले, ‘‘भाऊ, सावली पाहू नका, तोंड कुठं येते ते पाहा. इथं ऊन वरतून कमी अन् खालतून जास्ती लागते.’’

तापी ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. म्हणजे तिचे काठ उत्तरेचा आणि दक्षिणेचा. हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तर काठावर बसून दक्षिणेला तोंड केलंत तर सूर्य आणि पाण्यातला सूर्य असे दोन्ही डोळ्यांसमोर. दक्षिण काठावर उत्तरेकडे तोंड करून बसलात तर सूर्य पाठीशी, पाणी गडद दिसतं आणि गळाचं बूच लांबूनही ओळखू येतं. झाड नसलं तरी चालेल, छत्री लावा, पण काठ बरोबर निवडा. एवढ्या एका गोष्टीने निम्मा त्रास वाचतो आणि तिला एक पैसा लागत नाही. (मेअखेरीस खान्देशात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, तेव्हा काठाचा हा फरक उरत नाही. पण तेव्हा दुपारी तिथे बसायचं कारणही नाही.)

वेळेचंही असंच. सपाट पाण्याकडे सरळ खाली पाहिलं तर ते जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं, म्हणून नावेतून वाकून पाहिलं की तळाचे गोटे दिसतात. पण सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असला की हाच आकडा साधारण एक तृतीयांशावर जातो. सकाळी सूर्य नुकताच वर आलेला असताना किंवा संध्याकाळी तो टेकताना पूर्व-पश्चिम पाहू नये ते यासाठी. अगदी पहाटे उजाडताना बसा, सूर्य वर आला की तोंड फिरवा.

आता चष्म्याकडे येतो, कारण खरी गफलत तिथे होते. बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना मिळणारा नुसता काळा चष्मा लोक घेतात आणि डोळे सांभाळले असं समजतात. काळी काच उजेड कमी करते, पण तिच्यात अतिनील किरण अडवायची सोय नसेल तर उलटाच धोका असतो. अंधारल्यामुळे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्त प्रमाणात आत जातात. म्हणून चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ (यूव्ही म्हणजे अतिनील; ही अतिनील किरण अडवणाऱ्या काचेची खूण) लिहिलंय का ते आधी पाहा. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत ते तपासायचं छोटं यंत्र असतं. मागितलं तर लावून दाखवतात. काच किती गडद आहे याचा अतिनील किरणांशी संबंध नाही, हे मनात पक्कं ठेवा. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काचसुद्धा ते किरण अडवते.

पाण्याच्या चमकेसाठी याखेरीज हवी ती पोलराइज्ड काच. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेने कंप पावणारा असतो आणि ही काच फक्त उभ्या कंपनाचा प्रकाश आत सोडते. त्यामुळे चमक जाते, बाकीचं चित्र राहतं. ही युक्ती सगळ्यात चांगली चालते ती सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपास असताना. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे ती वेळ साधारण सकाळी साडेनऊ-पावणेदहाची आणि दुपारी साडेतीनची. भाच्याने सकाळच्या त्याच वेळी मला चष्मा घालून, मग मान आडवी करून पाण्याकडे बघायला लावलं. मान सरळ असताना काठाजवळच्या पाण्यात शेवाळ आणि त्यातून फिरणारी बारकी पिल्लं दिसत होती. मान आडवी केली की सगळं पुसलं जाऊन नुसती पांढरी झळाळी. इतकी वर्षं मी त्या पाण्याकडे पाहत आलोय, पण त्यात काय आहे ते भर उन्हात असं पहिल्यांदा दिसलं, आणि मला खरोखर भरून आलं.

दुकानात काच खरंच पोलराइज्ड आहे का हे कळायला दोन चष्मे मागा. एकाची काच दुसऱ्यासमोर धरा आणि एक चष्मा काटकोनात फिरवा; दोन्ही खरे असतील तर मधून जवळजवळ अंधार दिसतो. कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर फिरवला तरी तेच होतं. रंग कुठला, तर राखाडीत रंग खरे दिसतात; तपकिरीत गढूळ पाण्यावरचं बूच उठून दिसतं. तापीच्या पाण्याला मी तपकिरी घेईन. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर अडकवायची पोलराइज्ड काच मिळते, ती पुरते. कानामागून जाणारी दोरी मात्र हवीच. नावेतून वाकल्यावर चष्मा पाण्यात गेला तर परत मिळत नाही.

दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खाऊन झाल्यावर भाच्याला मी त्याच्या बर्फाबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘‘मामा, इथलं पाणी त्यापुढे काहीच नाही.’’ ताजा बर्फ अंगावर आलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि पाणी १० टक्क्यांहून कमी. बर्फावर बसलेल्या माणसाला थंडीमुळे ऊन जाणवतही नाही, ढग असले तर चष्मा काढावासा वाटतो, आणि ढगांतून अतिनील किरण बरेचसे येतच असतात. मग बुबुळाच्या पुढच्या पडद्याला उन्हाने भाजल्यासारखं होतं. याला हिमांधता म्हणतात. वाईट गोष्ट अशी, की त्या वेळी काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी सुरू होते, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. सहसा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण ते दिवस हालाचे जातात. म्हणून तिथे चष्मा बाजूंनी बंद असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा घेतात. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक तर फार पूर्वीपासून लाकडाचा किंवा हाडाचा चष्मा कोरून त्याला फक्त बारीक आडवी फट ठेवत आले.

हे ऐकताना माझं लक्ष नाववाल्या काकांकडे गेलं. त्यांनी टॉवेल कपाळावरून इतका खाली आणि नाकावरून इतका वर बांधला होता, की डोळ्यांपुढे बोटभर फट उरली होती. वरचं ऊनही बंद आणि खालचंही. ज्यांना चष्मा परवडत नाही किंवा कामात टिकत नाही त्यांनी निदान हे करावं. चमक नक्की कमी होते. पण आयुष्यभर पाण्यावर राबणाऱ्यांना यूव्हीचा चष्मा मिळायलाच हवा. वर्षानुवर्षांच्या उन्हाने मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदाही ऊन-वारा-धुळीत काम करणाऱ्यांनाच जास्त होतो. हौसेने दिवसभर बसणाऱ्या आपल्यापेक्षा गरज त्यांना जास्त आहे. आम्ही जादाचा एक चष्मा काकांना देऊन आलो.

आमच्यापैकी शालकाने मात्र चष्मा नाकात रुतते म्हणून काढून ठेवला आणि दुपारभर तसाच बसला. चारच्या सुमारास त्याचे डोळे लालभडक. त्यात चमक होती, वारा होता आणि उघड्या पडलेल्या गाळाची धूळही होती. अशा वेळी डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा, बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने धुवा (जलाशयाच्या पाण्याने नव्हे), ओला थंड रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवून सावलीत पडा. घरात पडलेली कुठली तरी जुनी ड्रॉप्सची बाटली काढून थेंब टाकू नका. दुखणं दिवसभरापेक्षा जास्त राहिलं किंवा अंधूक दिसायला लागलं तर नेत्रतज्ज्ञाकडेच जायचं. शालकाला रात्रीपर्यंत बरं वाटलं.

पक्षी पाहायला दुर्बीण नेणार असाल, आणि हिवाळ्यात हतनूरला न्यावीच, तर एक पथ्य कडक पाळा. सूर्याकडे तर नाहीच, पण पाण्यात सूर्य चमकत असलेल्या जागेवरही दुर्बीण रोखायची नाही. मुलांच्या हातात देताना त्यांना हे आधी सांगा. मुलांना चष्माही खेळण्यातला नको. त्यांच्या डोळ्यांतलं भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यामुळे अतिनील किरण मोठ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यांत खोलवर पोचतात.

परतीच्या रस्त्याचं भान ठेवा. सकाळी भुसावळहून निघालात की सूर्य समोर आणि संध्याकाळी परतताना पुन्हा समोरच. गाडीची काच आतून-बाहेरून पुसून घ्या. धुळीच्या काचेवर मावळतीचं ऊन पडलं की पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही. पोलराइज्ड चष्मा इथेही कामाचा आहे, फक्त त्यातून काही गाड्यांचे मीटर आणि मोबाईलचे पडदे काळे दिसतात. काचेवर गडदपणाची श्रेणी लिहिलेली असते. पाण्यासाठी आणि गाडीसाठी ३ पुरे. श्रेणी ४ ही बर्फासाठी आणि उंच डोंगरांसाठी असते, ती घालून गाडी चालवायची नसते. भाच्याचा बर्फावरचा चष्मा तसाच होता, म्हणून येताना गाडी मी चालवली. घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यावर नेऊ नका, चष्मा कितीही चांगला असला तरी.