मी, डिपेंडंट

बायकोला जर्मनीत नोकरी लागली आणि तिच्यामागोमाग मी आलो. कागदोपत्री मी 'डिपेंडंट'. हा शब्द ऐकला की नातेवाइकांचा आवाज जरा मऊ होतो. "मग तू काय करणार तिथे?" असं विचारतात, आजारी माणसाला विचारावं तसं.

परवा भाच्याचा मेसेज आला. "मामा, तिकडे यायला सगळ्यात सोपं परमिट कुठलं?" सोपं कुठलं ते मला माहीत नाही. पण कुठलं परमिट कशाला टांगलेलं असतं, ते मात्र मी आता बऱ्यापैकी वाचायला शिकलोय.

इथे परमिट म्हणजे प्लास्टिकचं कार्ड. त्यासोबत बऱ्याचदा घडी घातलेला एक हिरवट कागद मिळतो, त्सुझात्सब्लाट. कार्ड सगळे जपतात आणि कागद कुठल्यातरी फायलीत जातो. खरा मजकूर त्या कागदावर असतो. माझ्या कागदावर दोनच शब्द आहेत: 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट गेश्टाटेट'. म्हणजे पोटापाण्याचं काम करायला मुभा. नोकरी कर, धंदा कर, उद्या सोडून दुसरं धर, कुणाला विचारायचं नाही. बायकोकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचं परमिट. ते ऐकायला भारी, पण पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी लोकांच्या ऑफिसला, म्हणजे आउसलेंडरबेह्योर्डंला, कळवावं लागतं. ते 30 दिवस थांबवून तपासू शकतात, नाहीही म्हणू शकतात. म्हणजे जिच्या जिवावर मी आलो तिच्या पायात दोरी, आणि 'अवलंबून' असलेला मी मोकळा! हे नातेवाइकांना पटत नाही.

अर्थात माझं मूळ तिच्या कार्डात आहे. लग्न मोडलं तर मला स्वतःच्या हक्काचं परमिट मिळायला एरवी इथे एकत्र राहून 3 वर्षं झालेली असावी लागतात. हे कलम मी वाचलंय ते तिला माहीत आहे.

भाच्याच्या डोक्यात चान्सेनकार्टं आहे. जून 2024 पासून सुरू झालेलं, हातात नोकरी नसताना येऊन शोधायचं कार्ड. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे गुण मोजतात, किमान 6 लागतात. तिकडे सगळे त्याच्याच मागे लागलेत. मला ते फारसं आवडत नाही. मुदत एक वर्ष. आठवड्याला 20 तासांपर्यंतच पार्ट टाइम करता येतं. शिवाय 2025 च्या हिशेबाने महिन्याला 1,091 युरोप्रमाणे पैसे सहसा आधीच ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवायचे. वर्षाचे तेरा हजारांच्या वर झाले. हे कार्ड फक्त तुझ्या आशेला टांगलेलं आहे, असं मी त्याला लिहिलं. त्याला राग आला बहुतेक.

त्यापेक्षा इथे येऊन मास्टर्स कर, म्हटलं. खर्च आहेच, पण पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, आणि तोवर भाषा कानावर पडलेली असते. भाषेची किंमत इथे महिन्यांत मोजतात. ब्लू कार्डवाल्याला कायमचं परमिट A1, म्हणजे अगदी प्राथमिक, जर्मनवर 27 महिन्यांनी, आणि B1, म्हणजे मधली पातळी, असेल तर 21 महिन्यांनी मागता येतं. बायकोने ऑफिस सांभाळून B1 केलं. स्वयंपाकघरातल्या कपाटांवर तेव्हा चिकटवलेले देर-डी-दास, म्हणजे जर्मन नामांचं लिंग सांगणारे शब्द, अजून तसेच आहेत.

एक गोष्ट मात्र भाच्याला फोनवरच सांगितली, कारण ती लिहून कळत नाही. माझ्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि आमच्या गावातल्या ऑफिसची अपॉइंटमेंट काही मिळेना. पाठवलेल्या ईमेलना उत्तर नाही. मी मुदतीच्या आत अर्ज मात्र टाकून ठेवला होता, त्यावर वाचलो. त्यांनी एक तात्पुरता कागद दिला, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. नावातच फिक्शन! तुमचं जुनं परमिट अजून जिवंत आहे असं कायदा मानून चालतो. त्यावर तीन चौकोन असतात आणि एकात फुली. माझी फुली तिसऱ्यात होती, निवास कायद्याचं कलम 81, पोटकलम 4. त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. तीच फुली पोटकलम 3 वर असती तर बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत येता आलं नसतं. भारतातून परतताना विमानतळावरच्या पोलिसाने पासपोर्ट बाजूला ठेवला, कागद उघडला आणि त्या फुलीवर बोट ठेवून थांबला. पाच सेकंद असतील. मग शिक्का.

"म्हणजे मामा," भाचा म्हणाला, "आधी तारीख बघायची, मग चौकोन बघायचा, आणि मामीशी भांडायचं नाही."

"तीन वर्षं तरी," मी म्हटलं. मामी शेजारच्या खोलीतून ऐकत होती.