पुढची सीट

सात जणांची गाडी असली तरी वाद एकाच सीटचा असतो. मधल्या रांगेतल्या खिडक्या तडजोडीने सुटतात, तिसरी रांग पोराला आणि बॅगांना आधीच बहाल केलेली असते. उरते ती चालकाशेजारची जागा. पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. एवढ्यात आमच्याकडे त्या जागेवर बरेच सत्ताबदल होतात, आणि स्टिअरिंग माझ्या हातात असल्यामुळे ते मला अगदी जवळून बघायला मिळतात.

कात्रजच्या बोगद्यापासून सुरूर फाट्यापर्यंतचा हायवे बाबांचा. पुढे बसणाऱ्याला कामं असतात, असं त्यांचं म्हणणं. एके काळी होती, हे खरं. टोलची चिल्लर मुठीत धरून बसायचं, पावती सांभाळायची, काच खाली करून 'अहो दादा, वाईला इकडूनच ना?' विचारायचं आणि दादांनी 'सरळ जावा' सांगितलं तरी पुढच्या टपरीवर पुन्हा विचारून खात्री करून घ्यायची. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला आणि चिल्लरखातं गेलं. रस्ता सांगण्याचं खातं मोबाईलमधल्या बाईकडे गेलं. गाणी तर तिसऱ्या रांगेतून माझा मुलगा ब्लूटूथवर लावतो. म्हणजे ही सीट आता बिनखात्याचं मंत्रिपद झाली आहे. पण मंत्रिपद ते मंत्रिपद.

बाबांनी यावर उपाय म्हणून माझ्या पायांवर देखरेख ठेवण्याचं नवं खातं काढलं आहे. पुढचा ट्रक जरा जवळ आला की त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबतो. खंबाटकी लागला की 'दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात' सुरू होतं. गाडी ऑटोमॅटिक आहे हे त्यांना माहीत आहे. घेतली तेव्हा शोरूममध्ये तेच सोबत होते. तरी चढ दिसला की दुसरा गिअर त्यांच्या तोंडून आपोआप पडतो.

सुरूरला हायवे सोडला, वाईत चहा झाला की आत्या पुढे येते. यावर चर्चा होत नाही, कारण आत्याला गाडी लागते. आमच्या घरात बाकी कुठल्याही गोष्टीने मिळणार नाही एवढा अधिकार या एका तक्रारीने मिळतो. वय, मान, गुडघेदुखी, सगळं पसरणी घाटापुढे दुय्यम. तिच्या पर्समध्ये आवळासुपारी, लवंगा, आल्याच्या वड्या, लिंबू आणि दोनचार प्लास्टिकच्या पिशव्या असा सरंजाम असतो.

तिचा हक्क शास्त्रालाही मान्य आहे, हे मला कबूल करावं लागतं. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळली की ती मेंदूला कळवते, वळलो. डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत असले तर ते सांगतात, कुठे काय, सगळं जागच्या जागी आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू. समोरचा रस्ता दिसत असला की डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. गाडी चालवणाऱ्याला तर वळण येण्याआधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला सहसा लागत नाही. मागे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्याला हमखास लागते. म्हणजे आत्याने पुढे बसून समोर बघणं हा खरोखरच इलाज आहे.

फक्त ती समोर बघत नाही. कारण निघायच्या आधी तिने उलटीची गोळी घेतलेली असते आणि त्या गोळीने झोप येते. पसरणीचं पहिलं वळण येईपर्यंत आत्याची मान खांद्यावर. खाली कृष्णेचं खोरं उलगडत जातं, लांब धोम धरणाचं पाणी चमकतं, आणि गाडीतली सगळ्यात मोठी काच मिळालेली बाई मंद घोरत असते. मधल्या रांगेतून आई हळहळते, 'अगं, उठवा तिला, काय छान दिसतंय!' उठवायची हिंमत कोण करणार? उठली आणि लागली तर?

मागे गेलेले बाबा तोवर इतिहासात शिरलेले असतात. पुढे बसले की गिअर, मागे बसले की इतिहास, असा त्यांचा हिशेब आहे. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि विश्वकोशाचं कार्यालय, मग मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि त्यांच्या नावाचं माल्कमपेठ, असं सगळं पाचगणी येईस्तोवर उरकतं. मधेच वरून भरधाव उतरणारी एखादी गाडी आडवी आली की इतिहास थांबतो. 'चढणाऱ्याचा हक्क आधी!' ते मागून गरजतात. नियम खराच आहे. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असते. पण उतरणाऱ्याच्याही गाडीत कोणीतरी बाबा असतात आणि तेही बहुधा काहीतरी गरजत असतात.

मी लहान असताना हा प्रश्नच नव्हता. तेव्हाच्या फियाटमध्ये पुढे एकसंध बाकासारखी सीट असायची आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे बाबा, आई आणि मधोमध मी, असे तिघे पुढे. मग गिअर दोन सीटच्या मध्ये येऊन बसला आणि मधलं मूल मागे गेलं. ते बरंच झालं म्हणा. समोर एअरबॅग असताना मांडीवर मूल घेऊन बसणं धोक्याचं आहे, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या खास सीटविना दिसलं तर हजार रुपये दंड आहे. पण त्या जागेवरून दिसायचा तेवढा घाट मला पुन्हा कधी दिसला नाही. आता मी नुसता रस्ता बघते.

तिसऱ्या रांगेत दरी दिसत नाही, पण उंची कळते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर जावं तसा हवेचा दाब उतरतो आणि वेफर्सच्या सीलबंद पाकिटातली हवा पसरते. 'आई, पाकीट फुगलं!' अशी मागून आरोळी आली की समजायचं, घाट सरत आला. मग सगळे मोठाले आवंढे गिळून कानाचे दडे सोडवतात. आई याच वेळी शाल काढते. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात या हिशेबाने पाचेक अंशांचा फरक पडायला हवा, पण आईची शाल हिशेबाने निघत नाही, पाटी बघून निघते.

पाचगणीला उतरून हातपाय मोकळे केले की अखेर माझ्या नवऱ्याची वर्णी लागते. घाट संपलेला, आत्या ताजीतवानी होऊन खिडकी मागायला लागलेली, बाबांना पाय पसरायचे असतात. हा पुढे येतो, पट्टा लावतो, मोबाईल फोटोसाठी तयार धरतो. आणि वेण्णा तलावाच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागते. सुट्टीच्या दिवसांत ती लागणारच. पुढचा तासभर त्याला एका मिनीबसची मागची बाजू आणि तिच्यावर लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद' एवढंच दृश्य. त्याने त्याचाही फोटो काढला.

परतीला आम्ही नवा विचार केला. म्हणजे बाबांनी केला. गोळी घेऊन झोपायचंच असेल तर पुढची सीट कशाला, हा त्यांचा मुद्दा आत्यालाही खोडता आला नाही. ती मधल्या रांगेत खिडकीशी गेली. आता आपणच, या खात्रीने बाबा पुढचं दार उघडतात तर सीटवर स्ट्रॉबेरीचे डबे. आईने रचून ठेवलेले, एकावर एक. मागे बॅगा, चिक्की आणि सरबताच्या बाटल्या. तिथे ठेवली तर पुण्याला पोचेपर्यंत स्ट्रॉबेरीचा जॅमच होणार. पुढे एसीची थेट हवा लागते, धक्केही कमी.

'माणसं मागे आणि फळं पुढे?' बाबा म्हणाले.

'साधी फळं नाहीत ती. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय त्यांना, तुम्हीच सांगितलंत काल,' आई म्हणाली.

बाबा निमूट आईशेजारी बसले. नवरा पोराबरोबर तिसऱ्या रांगेत. मी गाडी सुरू केली, बाजारातून बाहेर काढली, आणि टूं टूं सुरू झालं. पुढच्या सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं. थांबले, डब्यांभोवती पट्टा ओढून खटकन लावला. आवाज बंद.

अर्धवट झोपेतून आत्याने पर्स चाचपली आणि एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. 'असू दे तिथे,' म्हणाली, 'उतारावर लागते कोणाकोणाला.'