चित्रात येस, अर्जात काहीच नाही

२०१३ च्या जुलैमध्ये पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटची देखभाल आमच्याकडे नुकतीच आली होती. वसतिगृह प्रवेशाची पहिली यादी त्या दिवशी संध्याकाळी लागायची होती आणि सकाळी ऑफिस उघडतंय तोच तिथल्या मॅडमचा फोन आला. "सर, तुम्ही इकडंच या. मुलं म्हणतायत आम्ही हॉस्टेल मागितलंय, आणि आमच्याकडे त्यांच्या नावापुढं 'नो' आहे. एखाद-दुसरं असतं तर मी म्हटलं असतं, चुकून दाबलं असेल. पण खिडकीवर रांग लागलीय."

मी लॅपटॉप घेऊन गेलो. रांगेत पहिल्यांदा भेटले ते करमाळ्याकडून रात्रीच्या एसटीनं आलेले एक काका आणि त्यांची मुलगी. हातात कॅफेवर काढलेली पावती. तिच्यावर 'हॉस्टेल रिक्वायर्ड : नो' असं स्वच्छ छापलेलं. "माझ्यासमोर पोरीनं येसवर दाबलंय साहेब. खोली मिळाली नाही तर हिला पुण्यात ठेवू कुठं? मग ॲडमिशनच काढून घ्यावी लागंल."

मॅडमनी आदल्या दिवशी स्वतः अर्ज भरून पाहिला होता. मीही लगेच पाहिला. येस दाबलं, येस पोचलं. नो दाबलं, नो पोचलं. पुन्हा नवा अर्ज उघडून पाहिला, तेच. अशा वेळी 'युजरची चूक' म्हणून फाइल बंद करण्याची पद्धत आमच्या धंद्यात फार रुळलेली आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. समोरचा माणूस एसटीनं रात्र काढून आलाय, त्याची मुलगी बारावीला चांगले गुण मिळवून आलीय. तिला दोन गोलांपैकी एक दाबता येत नाही असं मानायला काय आधार होता?

मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "इथं कोरा अर्ज उघडलाय. त्या दिवशी जसा भरलास तसाच भर. घाई करू नकोस, मी काही बोलणार नाही."

तिनं नाव, पत्ता, गुण भरले. येसवर दाबलं. बाजूच्या चौकटीत वर्षाची फी वाढून आली. ती थांबली, वडिलांकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "इथं पप्पा म्हणाले, हॉस्टेलशिवाय किती होते ते बघ." तिनं नो दाबलं. आकडा खाली आला. "मग आम्ही जरा बोललो. आणि मग परत येस केलं." येसच्या गोलात निळा ठिपका आला, फी पुन्हा वर गेली. तिनं सबमिट दाबलं. पावती आली : नो.

मॅडम माझ्या मागं उभ्या होत्या. "अरे देवा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी एकेकदाच दाबून पाहिलं होतं. मनात कसलीच घालमेल नसलेला माणूस एकदाच दाबतो. ज्यांच्या घरी फीचा आकडा पाहून चर्चा झाली, ज्यांनी मन बदललं आणि पुन्हा पहिल्यावर आले, नेमक्या त्यांचाच अर्ज हरवत होता. म्हणजे ज्यांना वसतिगृहाची सगळ्यात जास्त गरज होती त्यांचा.

मी तेच पान क्रोममध्ये पुन्हा उघडलं. येस, नो, येस. निळा ठिपका येसवर. मग एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरची तपासणीची खिडकी, उघडली आणि तिथं जेक्वेरीला, म्हणजे पानावरच्या हालचाली सांभाळणाऱ्या तयार जावास्क्रिप्ट कोडला, विचारलं, या गटातलं निवडलेलं बटण कोणतं, त्याची व्हॅल्यू दे. उत्तर आलं : अनडिफाइन्ड, म्हणजे काहीच निवडलेलं नाही. डोळ्यासमोर ठिपका दिसतोय, आणि ब्राउझरच्या लेखी दोन्ही बटणं रिकामी आहेत.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. ब्राउझरची रेडिओ बटणं (गटातला एकच पर्याय निवडायचे गोल) आणि चेकबॉक्स (टिक करायच्या चौकटी) तेव्हा सीएसएसनं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेनं, सजवता येत नसत. म्हणून डिझायनरनं काढलेली गोलांची चित्रं वापरायची तर खरं बटण लपवायचं, शेजारी एक स्पॅन, म्हणजे पानातला साधा रिकामा तुकडा, ठेवायचा, त्याला पार्श्वभूमीचं चित्र द्यायचं आणि क्लिक झालं की जेक्वेरीनं स्पॅनचा क्लास, म्हणजे त्याचं रूप ठरवणारी खूण, बदलायचा, हा रिवाज होता. निवडलेलं बटण ओळखणाऱ्या सीएसएसच्या निव्वळ 'चेक्ड' सिलेक्टरवर भागलं असतं, पण इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ला तो सिलेक्टर कळत नसे, आणि तालुक्याच्या कॅफेत विंडोज एक्सपीवर तोच ब्राउझर सर्रास होता. त्यामुळं जेक्वेरीला पर्याय नव्हता आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

आधीच्या कुणी लिहिलेल्या या फाइलमध्ये स्पॅनवर किंवा लेबलवर क्लिक झालं की तीन गोष्टी होत. गटात आधी ज्या स्पॅनला 'सिलेक्टेड' क्लास आहे त्याचा क्लास काढायचा आणि त्याच्या बटणावरचं 'चेक्ड' ॲट्रिब्यूट (पानाच्या कोडमध्ये बटणापुढं लिहिलेली नोंद) जेक्वेरीच्या 'रिमूव्ह-ॲटर' या आज्ञेनं काढायचं. नव्या स्पॅनला क्लास द्यायचा आणि त्याच्या बटणावर 'ॲटर' या आज्ञेनं 'चेक्ड' लावायचं. शेवटी ब्राउझरची स्वतःची क्रिया थांबवायची. जेक्वेरी १.४ वर हे वर्षभर बिनतक्रार चाललं. मग मार्चमध्ये संस्थेच्याच आयटी विभागानं नव्या तारीखपट्टीसाठी (तारीख निवडायच्या कॅलेंडरसाठी) जेक्वेरी १.९ टाकली. २.० पुढं एप्रिल २०१३ मध्ये आली, पण तीही त्यांना घेता आली नसती, कारण त्या आवृत्तीनं एक्स्प्लोरर ६ ते ८ ला रामराम ठोकला होता.

ब्राउझर प्रत्येक बटणाच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या जपतो. 'चेक्ड' हे ॲट्रिब्यूट पान उघडतानाची स्थिती सांगतं. 'चेक्ड' ही प्रॉपर्टी आत्ता या क्षणाची स्थिती सांगते आणि सबमिट होताना तीच पाहिली जाते. प्रॉपर्टीला एकदा कुणी हात लावला, माणसानं क्लिक करून किंवा कोडनं, की त्यानंतर ॲट्रिब्यूट कितीही बदला, ब्राउझर त्याची दखल घेत नाही. जुनी जेक्वेरी 'ॲटर' म्हटलं तरी गुपचूप प्रॉपर्टीही बदलायची, म्हणून हा फरक कुणाच्या अंगावर येत नसे. २०११ मध्ये १.६ मध्ये प्रॉपर्टी बदलणारं 'प्रॉप' वेगळं आलं आणि १.९ पासून 'ॲटर' फक्त ॲट्रिब्यूटच लावू लागलं. 'रिमूव्ह-ॲटर' मात्र १.९ मध्येही प्रॉपर्टी खोटी, म्हणजे 'निवडलेलं नाही' अशी, करत राहिलं.

आता त्या मुलीचे क्लिक पाहा. पहिलं येस : बटण कोरं आहे, ॲट्रिब्यूट लागलं, ब्राउझरनं मानलं. मग नो : 'रिमूव्ह-ॲटर'नं येसची प्रॉपर्टी खोटी केली, म्हणजे येसला हात लागला. नो अजून कोरं होतं, तेही मानलं गेलं. पुन्हा येस : नो खोटं झालं आणि येसवर ॲट्रिब्यूट लागलं, पण आता ब्राउझर त्याच्याकडं बघायला तयार नाही. गटात कुणीच उरलं नाही. फीची चौकट स्पॅनचा क्लास वाचत होती आणि 'पर्याय निवडा' म्हणणारी तपासणीही क्लासच वाचत होती, म्हणून पडद्यावर सगळं जागच्या जागी. सर्व्हरकडं हॉस्टेल हे नावच गेलं नाही, कारण न निवडलेला रेडिओ गट फॉर्मबरोबर जातच नाही. आणि सर्व्हरवरच्या कोडनं काही आलं नाही तर 'नो' धरायचं ठरवलेलं होतं.

१.९ मधून 'लाइव्ह' ही क्लिकसारख्या घटनांना कोड जोडायची जुनी पद्धत काढून टाकली होती. ती या फाइलमध्ये असती तर पान पहिल्याच दिवशी एरर देऊन बंद पडलं असतं आणि मार्चमध्येच निस्तरलं असतं. इथं एकही एरर नव्हती. खात्री करायला मी चाचणीच्या प्रतीवर जेक्वेरी मायग्रेट, म्हणजे जुना कोड नव्या आवृत्तीवर चालवायला मदत करणारी फाइल, जोडलं. कन्सोलमध्ये लगेच सूचना आली की 'ॲटर'नं 'चेक्ड' वापरताय, तिथं प्रॉपर्टी अपेक्षित असावी. शिवाय मायग्रेट जुनं वागणं परत आणतं, त्यामुळं ते असताना येस-नो-येस बरोबर पोचलं.

'ॲटर'च्या जागी 'प्रॉप' घातलं की काम होणार होतं. मी ते करायला घेतलं तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, तो एक मुलगा बसलाय, त्याचं पण बघाल का? त्याला दिसत नाही. तो म्हणतो अर्जात ते बटणच नाही."

त्याच्या खिशात पेनड्राइव्ह होता आणि त्यात एनव्हीडीए. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रॅमरनं २००६ मध्ये सुरू केला, तो फुकट आहे आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालतो. तो त्यानं ऑफिसच्या संगणकावर लावला आणि टॅब दाबत भराभर फॉर्म भरत गेला. गुणांच्या रकान्यावरून टॅब दाबला तो थेट पालकांच्या फोन नंबरवर. हॉस्टेलचा प्रश्न मध्ये आलाच नाही. बाणानं वर गेला तर 'येस', 'नो' हे शब्द ऐकू आले, पण हे रेडिओ बटण आहे, निवडलेलं आहे की नाही, काही नाही. सबमिट केल्यावर मात्र फॉर्म म्हणाला, हॉस्टेलचा पर्याय निवडा. "चार दिवस झाले सर, हा मला निवड म्हणतो, आणि निवडायला काही देत नाही."

कारण तिथंच समोर होतं. खरी बटणं 'डिस्प्ले नन'नं लपवली होती. असं लपवलेलं बटण नुसतं डोळ्याला दिसेनासं होत नाही, कीबोर्डच्या वाटेतूनही जातं आणि स्क्रीन रीडरला दिल्या जाणाऱ्या माहितीतूनही जातं. उरतो तो स्पॅन. त्याला ना फोकस, ना भूमिका, ना स्थिती. डब्ल्यूसीएजी २.० ही, वेबसाइट अपंगांसह सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं २००८ पासून आहेत, त्यात प्रत्येक घटकाचं नाव, भूमिका आणि मूल्य कळलं पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय, आणि सगळं कीबोर्डनं करता आलं पाहिजे हेही.

मग मी नुसतं 'प्रॉप' लावून थांबलो नाही. स्पॅनवरचे आणि लेबलवरचे सगळे क्लिक काढून टाकले. खरं बटण परत आणलं, पारदर्शक करून नेमकं चित्राच्या वर बसवलं. आता क्लिक, टॅब, बाण, स्पेस सगळं ब्राउझर स्वतः सांभाळणार. चित्राला एकच काम उरलं : बटणाकडं बघायचं आणि तसं दिसायचं.

ते काम जेक्वेरीच्या एका 'चेंज' हँडलरमध्ये, म्हणजे निवड बदलली की चालणाऱ्या कोडमध्ये, मावलं. एक्स्प्लोरर ८ रेडिओचा 'चेंज' फोकस हलेपर्यंत देत नाही, पण जेक्वेरी ते आतल्या आत सांभाळून घेते, म्हणून तिच्याच हँडलरवर विसंबता आलं. एक बारकावा मात्र पाळावा लागतो. रेडिओ गटात 'चेंज' फक्त नव्यानं निवडलेल्या बटणावर येतो, ज्याची निवड गेली त्याला काही कळत नाही. म्हणून त्या नावाची सगळी बटणं घेऊन प्रत्येकाच्या स्पॅनचा क्लास त्याच्या 'चेक्ड' प्रॉपर्टीप्रमाणं लावायचा. हेच फंक्शन पान उघडतानाही एकदा चालवलं, कारण पान रिफ्रेश केलं तर फायरफॉक्स आधीची निवड लक्षात ठेवतो. 'रिसेट'ची घटना बटणं मूळ जागी जाण्याच्या आधी येते, तेव्हा तिथं शून्य सेकंदाचा टायमर. कोडमधून 'प्रॉप' बदललं तर 'चेंज' आपोआप येत नाही, तिथं ती घटना 'ट्रिगर'नं हातानं घडवायची. पारदर्शक बटणाचा फोकस दिसत नाही, म्हणून फोकस आल्यावर स्पॅनला ठळक कड. दोन्ही बटणांभोवती फील्डसेट (गटाची चौकट) आणि लेजंड (तिचं शीर्षक). फीची चौकट आणि तपासणी, दोन्ही आता क्लास सोडून बटणाला विचारतात.

तो मुलगा पुन्हा बसला. टॅब दाबला आणि एनव्हीडीएच्या त्या भराभर इंग्रजी आवाजात प्रश्न, 'येस', 'रेडिओ बटन', 'नॉट चेक्ड' असं एकापाठोपाठ आलं. त्यानं स्पेस दाबली, 'चेक्ड'. मग मुद्दाम खाली बाण, वर बाण, दोन्हीकडं जाऊन आला आणि सबमिट केलं. पावती त्यानं स्वतः ऐकली, त्या ओळीवर दोनदा.

राहिले जुने अर्ज. मुख्य तक्त्यात खरा 'नो' आणि रिकाम्यातून झालेला 'नो' सारखेच दिसत होते. नशिबानं सर्व्हरवर प्रत्येक अर्जाचा पोचलेला मजकूर जसाच्या तसा वेगळा साठवलेला होता. ज्यात हॉस्टेल हे नावच नाही असे अर्ज मी काढले. रेक्टर सर म्हणाले, "मग या सगळ्यांना येस करून टाकू." ते बरोबर नव्हतं. कुणी आधी नो, मग येस, मग पुन्हा नो केलं असेल तर त्याचाही अर्ज रिकामाच पोचला असणार. त्यांना विचारण्यावाचून मार्ग नव्हता. सरांनी यादी दुसऱ्या दिवसावर ढकलली, बाहेर तसा कागद लावला, आणि मॅडम, त्यांचे दोन सहकारी आणि मी नावं वाटून घेऊन फोन करायला बसलो. बहुतेक घरांतून उत्तर आलं, अहो, हॉस्टेल हवंच आहे. काहींनी मामाकडं सोय झाली म्हणून नको सांगितलं.

फोन चालू असतानाच मी ती फाइल सर्व्हरवर आणखी कुठं वापरली आहे ते शोधलं. परीक्षा अर्जावर होती, उत्तरपत्रिकेचं माध्यम निवडण्यासाठी. शिष्यवृत्तीच्या अर्जावर होती, जोडलेल्या कागदपत्रांच्या चेकबॉक्सवर, आणि तिथं टिक करून, काढून, पुन्हा टिक केलं की कागद जोडलाच नाही असं नोंदलं जात होतं. शिष्यवृत्ती विभागाला त्याच संध्याकाळी कळवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे अर्ज उघडून बसलो.