टोकदार टोप्यांसमोर सातवीचा वर्ग

न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीच्या संग्रहालयात वर्ग न्यायचा म्हटलं की आधी काय गाळायचं ते ठरवावं लागतं. आर्चर हंटिंग्टन यांनी १९०४ साली ही संस्था स्थापन केली. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतलं तिथं इतकं काही आहे की दीड तासात सगळं दाखवायला गेलं तर दुसऱ्याच दालनात मुलं बसायला जागा शोधू लागतात. आम्ही चोवीस मुलांचे आठ-आठचे तीन गट केले, प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस ठेवलं आणि चारच थांबे घेतले. गट एकाच वेळी एका चित्रासमोर आणायचे नाहीत, कारण चोवीस जण एकदम उभे राहिले की मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

सामान कमीच हवं. दप्तरं शाळेतच ठेवलेली बरी, कारण मूल वळलं की पाठीवरचं दप्तर काचेवर आदळतं. शाईचं पेन नको, रंग नकोत, पाण्याची बाटलीही नको. प्रत्येकाला एक साधी पेन्सिल, कागद लावायला पुठ्ठा आणि मध्ये दोन बाय तीन इंचांची खिडकी कापलेलं एक कार्ड दिलं. खोडरबर मुद्दाम दिलं नाही. दिलं की मुलं चित्र बघायचं सोडून रेघ पुसत बसतात.

सबवेच्या एक नंबरच्या गाडीने १५७व्या रस्त्याला उतरून ब्रॉडवेने थोडं खाली आलं की १५५ आणि १५६ या रस्त्यांच्या मध्ये संग्रहालयाचं आवार, ऑडुबॉन टेरेस, लागतं. पहिला थांबा तिथल्या अंगणातच घेतला. घोड्यावरचा ब्राँझचा एल सिद, म्हणजे स्पेनचा मध्ययुगीन योद्धा, हा हंटिंग्टन यांच्या पत्नी ॲना हायट हंटिंग्टन यांनी घडवलेला, १९२७चा. त्याच्याभोवती एक फेरी मारली की प्रवासात साठलेला दंगा बराचसा बाहेरच जिरतो. आत भाजक्या मातीच्या कमानींचा उंच चौक आहे. तिथं कुजबुजसुद्धा घुमते, म्हणून सूचना बाहेरच देऊन टाकाव्यात.

दुसरा थांबा स्पॅनिश चित्रकार गोयाने रंगवलेल्या आल्बाच्या डचेसचा, म्हणजे एका सरदार घराण्यातल्या बाईचा, १७९७चं चित्र, जवळजवळ सात फूट उंच. इथं माहितीची पाटी वाचू द्यायची नाही. 'ती बोट कुठं दाखवते आहे?' एवढंच विचारलं. बोटाच्या रेषेत खाली वाळूत अक्षरं आहेत, पण ती तिला वाचता यावीत अशी लिहिलेली, म्हणजे आपल्याला उलटी. मुलांनी माना वाकड्या केल्या आणि 'सोलो गोया', म्हणजे फक्त गोया, हे वाचून काढलं. यातला 'सोलो' बराच काळ रंगाखाली झाकलेला होता, नंतरच्या साफसफाईत तो वर आला. बोटातल्या दोन अंगठ्यांवर 'आल्बा' आणि 'गोया' अशी नावं आहेत. ती लांबून वाचता येत नाहीत आणि मुलं पुढं झुकू लागतात. त्यासाठी तेवढ्याच भागाचा मोठा छापील फोटो जवळ असावा.

इथंच एका मुलीने विचारलं की हे सगळं स्पेनचं, मग आमचं कुठं आहे? वर्गातली निम्मी मुलं डोमिनिकन, मेक्सिकन घरांतली, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. तिसरा थांबा त्यासाठीच ठेवला होता: मेक्सिकोत सतराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेली, शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी मढवलेली चित्रफळी. लाकडावर तुकडे बसवून वरून पातळ रंग दिलेला असतो. समोर एका जागी उभं राहिलं तर ती मळकट वाटते. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरकायला सांगितलं की कपड्यांच्या चुण्या उजळतात आणि विझतात. ही रीत जपानी लाखकामावरून आली, आणि ते लाखकाम पोचलं मनिला ते अकापुल्को जाणाऱ्या गलबतांतून. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं चाललेल्या त्या वाहतुकीत भारतातलं सुती कापडही असायचं.

चौथा थांबा स्पॅनिश चित्रकार सोरोयाचं दालन. स्पेनच्या प्रांतांची चौदा चित्रं, १९१२ ते १९१९ या काळात रंगवलेली. उंची साडेतीन मीटर आणि एकत्र लांबी सुमारे सत्तर मीटर. हंटिंग्टन यांना खरं तर स्पेनचा इतिहास हवा होता, चित्रकाराने माणसं आणि पोशाख निवडले. ते बरंच झालं असं आमचं मत. एकट्या कास्तीलचं चित्र जवळजवळ चौदा मीटर लांब आहे, त्यामुळे मुलांची नजर धावत सुटते आणि कशावरच ठरत नाही. खिडकीचं कार्ड इथं लागतं. चार-पाच मीटरवर उभं राहायचं, एकच चौकट पकडायची, बारा मिनिटांत तेवढंच काढायचं. जवळ गेलं की चेहऱ्यांचे नुसते रंगाचे फटकारे होतात; ते आधी दाखवून मग मागं न्यावं.

सेविल्या शहरातल्या, ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या मिरवणुकीच्या चित्रापाशी एक गट थांबला आणि सगळे गप्प झाले. टोकदार उंच टोप्या, झाकलेले चेहरे. एक कृष्णवर्णीय मुलगा सरळ मागं सरकला आणि म्हणाला, हे क्लॅनवाले इथं कशाला? क्लॅन म्हणजे कू क्लक्स क्लॅन, कृष्णवर्णीयांवर हिंसा करणारी अमेरिकेतली गोऱ्यांची संघटना. अशा वेळी 'नाही रे, तसं काही नाही' म्हणून पुढं नेणं सगळ्यात वाईट. त्याने पाहिलं ते खरंच सारखं दिसतं, हे आधी मान्य केलं. मग तारखा सांगितल्या. चित्र १९१४चं. क्लॅन पुन्हा उभी राहिली १९१५ मध्ये, आणि तिचा ठरावीक पांढरा गणवेश त्यानंतरचा. स्पेनमधली टोपी शतकांपूर्वीची, प्रायश्चित्त घेणाऱ्यांची. चेहरा झाकायचा तो पाप कबूल करणारा कोण हे लोकांना कळू नये म्हणून. शिवाय स्पेनमधलं चर्चचं धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) दोषी ठरवलेल्यांना शंकूसारखी टोपी घालून लोकांसमोर उभं करत असे, हेही सांगितलं; ते लपवून मिरवणूक नुसती भाविक करून दाखवणं बरोबर नाही.

मुलाचं पूर्ण समाधान झालं नाही. तारखा कळल्या तरी बघायला नकोच वाटतं, असं तो म्हणाला. त्याला दुसरं चित्र निवडू दिलं. त्याने आयामोंते या स्पेनमधल्या बंदराचं घेतलं, १९१९चं, मालिकेतलं शेवटचं: छताच्या सावलीत पसरलेले ट्यूना मासे आणि पलीकडं उन्हात चमकणारं पाणी. पुढच्याच वर्षी सोरोयाला पक्षाघात झाला, १९२३ मध्ये तो गेला आणि दालन १९२६ मध्ये उघडलं. म्हणजे त्याने ही चित्रं इथं लागलेली पाहिलीच नाहीत का, असं मुलाने विचारलं. नाही पाहिली. मग जागेवर बसली कशी? भिंतींची मापं धरूनच रंगवली होती, हे ऐकल्यावर तो कार्ड बाजूला ठेवून दारापासून कोपऱ्यापर्यंत पावलं मोजू लागला.