साखर काढली आणि दगड झाला

"आई, हे चाटायचं की फोडायचं?" थोरल्यानं विचारलं आणि हातातली गोठवलेली कँडी टेबलावर आपटली. टक्क! धाकटीनं लगेच आपलीही आपटून पाहिली. दोन मिनिटांत स्वयंपाकघराचा लोहारकट्टा झाला. त्या कँडीत स्ट्रॉबेऱ्या होत्या, थोडं पाणी होतं, लिंबाचे चार थेंब होते. साखरेचा कणही नव्हता, आणि याचाच मला कोण अभिमान!

माझं काम हिशेब तपासण्याचं. त्यामुळे घरात काहीही नवीन करायला घेतलं की वहीत नोंद होते. या वहीचं पहिलं पान आजही मुलं हसत हसत मोठ्यानं वाचतात. 'प्रयोग 1. स्ट्रॉबेरी. दगड. प्रयोग 2. स्ट्रॉबेरी आणि दही. आंबट दगड. प्रयोग 3. अननस. धारदार दगड, टाळूला लागला.'

हे सगळं सुरू झालं आइस्क्रीमच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांपासून. लहानशा वाटीभर, म्हणजे 65 ग्रॅमच्या आसपास आइस्क्रीममध्ये 14 ग्रॅम साखर होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगून ठेवलंय की वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसभराच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवा, 5 टक्क्यांच्या आत राहिला तर अधिक चांगलं. मोठ्या माणसासाठी हे 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. लहान मुलांसाठी त्याहून कमी. आणि आमच्याकडे एका वाटीवर कोण थांबतंय! हो, मध आणि फळांचे रसही याच साखरेत मोजले जातात, अख्खं फळ मात्र नाही. त्यामुळे 'साखरेऐवजी मध घातला, झालं पौष्टिक' असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. मध आवडतो म्हणून घाला, जरूर घाला. बाकी साखरेच्या खात्यातून तो सुटत नाही.

तर साखर काढली. पण मी साखरेची नोंद फक्त 'गोडी' या रकान्यात केली होती. तिथेच चूक झाली. साखरेकडे आणखी एक काम असतं, ते म्हणजे गोठू न देण्याचं. शुद्ध पाणी शून्याला गोठतं, साखर विरघळली की त्याहून खाली जावं लागतं. घरातला फ्रीजर उणे 18 च्या आसपास असतो. त्यात गोड मिश्रण ठेवलं की पाण्याचा बर्फ होत जातो, आणि उरलेल्या थोड्या पाण्यात साखर दाटत जाऊन तो पाक शेवटपर्यंत गोठत नाही. बर्फाच्या कणांमधला हा न गोठलेला पाक असतो म्हणून चमचा आत शिरतो. वर आइस्क्रीममध्ये फॅट असतं आणि घुसळून भरलेली हवा असते, काही प्रकारांत तर निम्मा डबा हवाच. माझ्या कँडीत यातलं काय होतं? स्ट्रॉबेरीत 91 टक्के पाणी. त्यात मी आणखी पाणी ओतलं. मग टक्क आवाज येणार नाही तर काय!

म्हणजे साखर काढायची तर तिचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायला हवं. ते काम करणारं फळ टोपलीत काळं पडत होतं. केळं.

केळ्यात पाणी 75 टक्के, शिवाय 100 ग्रॅममध्ये 12 ग्रॅम स्वतःची साखर. स्ट्रॉबेरीत ती पाचच ग्रॅम. वरून केळ्याचा गर मुळातच दाट, त्यातल्या पेक्टिनमुळे (फळांमधला, जॅमला घट्टपणा आणणारा घटक) घोटल्यावर मलईसारखा होतो. फक्त केळं पिकलेलं हवं, सालीवर काळे ठिपके आलेलं. हिरवट केळ्यात अजून स्टार्चच जास्त असतो, त्याची साखर व्हायची असते. अशा केळ्याचं मी एकदा केलं होतं. वहीत 'खडूची चव' एवढंच लिहिलंय.

केळी सोलून, चकत्या करून ताटात पसरून गोठवायच्या. एकावर एक टाकल्या तर त्यांचा एकच ढेकूळ होतो आणि मिक्सरची पाती रडतात. (सालीसकट अख्खं केळं गोठवलंत तर साल काढताना तुम्ही रडाल. हेही करून झालंय.) चार तासांनी चकत्या मिक्सरमध्ये टाकायच्या आणि खरी परीक्षा इथेच. आधी भांड्यात खडखडाट होतो, मग ओल्या वाळूसारखा चुरा दिसतो. वाटतं, बिघडलं. हात आपोआप दुधाच्या भांड्याकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. मिक्सर थांबवायचा, कडा खरवडून चुरा खाली लोटायचा, पुन्हा अर्धा मिनिट फिरवायचं. असं तीन-चार वेळा केलं की अचानक आवाज बदलतो. खडखड जाऊन घुमल्यासारखा 'घुर्र' येतो आणि भांड्यात पाहिलं तर मऊ, चकचकीत, वळ्या पडणारं आइस्क्रीम! पहिल्यांदा झालं तेव्हा मी एकटीच होते, तरी 'अगंबाई' म्हणाले.

चव मात्र जरा फिकी होती. याचंही कारण आहे. थंडीत जिभेला गोडी कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम किती गोडमिट्ट लागतं आठवा, तेच गोठलेलं असताना बरोबर लागतं. म्हणून गोठवायचं मिश्रण आधी चाखताना थोडं जास्तच गोड लागलं पाहिजे, आणि चिमूटभर मीठ विसरायचं नाही. मी बिया काढलेले दोन खजूर कोमट पाण्यात भिजवून, वाटून घालते.

दगड झाला नाही, पण पोटात काही राहीना. केळ्याचं आइस्क्रीम खाऊन अर्ध्या तासात धाकटी पुन्हा 'भूक' म्हणत उभी. इथे पीनट बटर आलं.

विकतची बरणी वाईट असते असं मला म्हणायचं नाही. मागची यादी वाचा. त्यात नुसते शेंगदाणे आणि मीठ असेल तर बिनधास्त घ्या. माझ्या हाती लागलेल्या बरणीत साखर होती, आणि तेल वर येऊ नये म्हणून घातलेलं घट्ट केलेलं वनस्पती तेलही. म्हटलं, घरीच करू, दाण्याचं कूट करतोच ना. पण कूट आणि बटर यांच्यात मोठं अंतर आहे, आणि ते धीरानंच कापावं लागतं. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजले, चोळून सालं पाखडली आणि कोमट असतानाच मिक्सरमध्ये घातले. मिनिटभरात कूट झालं. दुसऱ्या मिनिटाला ते भांड्याच्या कडांना चिकटून बसलं, पाती नुसतीच फिरायला लागली. खरवडलं. मग त्याचा गोळा झाला आणि भांड्यात गरगरायला लागला. इथे लोक पाणी घालतात. थेंबभरही घालू नका, सगळं आणखी घट्ट होऊन बसतं. मिक्सर तापला होता म्हणून पाच मिनिटं थांबले. पुन्हा फिरवलं आणि गोळ्याच्या कडेला ओलसर चमक आली. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच असतं, ते आता सुटत होतं. बघता बघता गोळा मोडला, ढासळला, आणि चमच्यावरून जाड धार पडायला लागली. घरभर तो वास. नवरा ऑफिसचा फोन चालू असताना आत डोकावून, खुणेनंच चमचा मागून गेला.

फ्रीजरमध्ये हे बटर वागतंही शहाण्यासारखं. त्यात पाणी नसल्यातच जमा, त्यामुळे बर्फाचे खडे होत नाहीत. गोठून घट्ट होतं, पण दातांना दाद देतं. शिवाय 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिनं. आणि हो, 600 च्या आसपास कॅलरी. हे दुसरं वाक्य मी मुलांना सांगत नाही, स्वतःला सांगते, कारण एका दुपारी 'फक्त मीठ बघते' म्हणत मी पाच चमचे बघितले होते.

आता आमच्याकडे जे कायम असतं ते असं. केळ्याच्या चकत्या करायच्या, बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीच्या. एका चकतीवर अर्धा चमचा पीनट बटर, वर दुसरी चकती, हलकेच दाबायची. बटर कडेला किंचित डोकावलं पाहिजे. लिंबाचं बोट फिरवलं तर केळं काळं पडायला वेळ लागतो. बटर पेपर घातलेल्या ताटात मांडून दोन तास फ्रीजरमध्ये. मग अर्धी बाजू वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवायची. चकती इतकी गार असते की हातात धरल्या धरल्याच चॉकलेट आळतं, त्याची चकाकी जाऊन मॅट होताना डोळ्यांदेखत दिसतं. मुलं यांना 'बटणं' म्हणतात. वहीतही आता तेच नाव आहे.

चॉकलेटनं मात्र एकदा फजिती केली. गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवत होते, झाकण उचललं तर वाफेचे दोन थेंब आत. एवढ्यानं पातळ, चकचकीत चॉकलेटचा रवाळ चिखल झाला. कोरड्या चॉकलेटला जरासं पाणी लागलं की त्यातले साखरेचे आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. तो चिखल गरम दुधात घालून पिऊन टाकला. तेव्हापासून झाकण नाही, भांडं आणि चमचा पुसून खडखडीत कोरडे. आणि 100 ग्रॅम चॉकलेटला एक चमचा खोबरेल घालते, खायचं. ते 24 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे चॉकलेट पातळ होऊन थर नाजूक बसतो, आणि गोठल्यावर कुर्रकन मोडतो.

स्ट्रॉबेऱ्यांचं काय झालं, तर त्यांनाही क्षमा केली. आता त्या दोन केळ्यांना एक वाटी या प्रमाणात केळ्यात वाटून जातात, वर दोन चमचे दही. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलेलं, कारण त्यातलं पाणी म्हणजे पुन्हा बर्फच. साच्यात ओतायचं, काडी खोचायची. साचा सुटत नसेल तर ओढाओढ करायची नाही, कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचा. थोरला परवा मला सांगत होता की काडीवरच्या कँडीचा शोध अकरा वर्षांच्या मुलानं लावला. खरं आहे ते. फ्रँक एपर्सन नावाच्या अमेरिकन मुलाचा सरबताचा पेला 1905 साली ढवळायच्या काडीसकट रात्रभर बाहेर राहिला आणि गोठला. 'त्याच्या आईनं त्यात साखर ठेवली होती,' असं वर ऐकवून गेला पठ्ठ्या.

दोन गोष्टी मात्र चेष्टेच्या नाहीत. धाकटीच्या मैत्रिणीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. ती येणार असली की सूर्यफुलाच्या बियांचं बटर करते. पण नुसतं बटर बदलून भागत नाही. मिक्सरचं भांडं, पाती, झाकणाची रबरी चकती, उलथनं, सगळं आधी घासून घ्यावं लागतं, आणि तरीही तिच्या आईला विचारल्याशिवाय ताटली पुढे करत नाही. दुसरं, अगदी लहान मुलांच्या हाती ही बटणं देऊ नयेत. गोठलेला कडक तुकडा, अख्खे दाणे किंवा बटरचा मोठा गोळा घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी केळ्याचं मऊ आइस्क्रीम वाटीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

बटणं पूर्ण गोठली की घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर. उघडी राहिली तर फ्रीजरची कोरडी हवा पाणी ओढून घेते आणि केळं चामड्यासारखं होतं. महिनाभर टिकतात असं मी लिहिणार होते, पण आमच्याकडे चार दिवसांपुढे टिकल्याची नोंद नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची कवळी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी ताटली बाजूला सारली. "मला नको गं, दात सांभाळू की तुझं बटण सांभाळू?" मी म्हटलं, "पाच मिनिटं बाहेर ठेवून बघा ना, आई." "नको म्हटलं ना." विषय संपला. मी त्यांच्यासाठी वाटीतलं मऊ आइस्क्रीम करायला लागले.

गेल्या रविवारी मी 24 बटणं केली. लिहूनच ठेवलं होतं. मुलांनी आठ खाल्ली, आम्ही दोघांनी चार. उरायला हवी होती 12. बुधवारी डबा उघडला तर सात. मुलं शपथेवर नाही म्हणाली. नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. हिशेब लागेना आणि हिशेब लागला नाही की मला चैन पडत नाही. जेवताना पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, कुणी खाल्ली त्याबद्दल तक्रार नाही, फक्त काढल्यावर पाच मिनिटं बाहेर ठेवून खा म्हणजे दातांना त्रास नाही.

सासूबाई भात कालवत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "पाचात काही होत नाही गं. आठ लागतात."

मी वहीत दुरुस्ती केली. 'बाहेर ठेवण्याची वेळ: 8 मिनिटं.'