मॅडम, तुम्ही तर ‘अच्छा’ म्हणता!

प्रौढांच्या जर्मन वर्गाची तोंडी परीक्षा मी रेकॉर्ड करते आणि नंतर निवांत ऐकते. त्या दिवशी दोन रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकली आणि गुण द्यायचं थांबवलं.

पहिलं एका गृहस्थांचं. वर्गात सगळ्यांत बोलके तेच. शब्द अडला तर हातवारे करतात, पण गप्प बसत नाहीत. हेच सगळ्यांच्या पुढे जाणार, असं मी धरून चालले होते. ‘मी गेलो’ला ते म्हणाले, ‘इश हाबे गेगांगन’. इथे ‘हाबे’ चालत नाही. जाणं, येणं अशा क्रियापदांना ‘बिन’ लागतं. मी नेहमीसारखं ‘अच्छा, इश बिन गेगांगन’ म्हणून पुढचा प्रश्न विचारला. आठ मिनिटांत असं चारदा झालं. चारही वेळा ‘हो, हो’, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘हाबे’.

दुसरं एका अबोल बाईंचं. चूक तीच, माझी दुरुस्तीही तीच. पण आवाज वाढवल्यावर मागे पुटपुटणं ऐकू आलं: ‘बिन... बिन गेगांगन’. थोड्या वेळाने ‘मी आले’ सांगताना त्यांनी आपणहून ‘बिन गेकोमन’ म्हटलं!

मला भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक रिचर्ड श्मिट आठवले. ब्राझीलमध्ये पाच महिने पोर्तुगीज शिकताना त्यांनी रोजनिशी ठेवली होती, संभाषणंही रेकॉर्ड केली होती. कित्येक रूपं कानावर पडतच होती. पण ती त्यांच्या बोलण्यात आली ती लक्षात आल्यावरच. आणि मी वापरते ती पद्धत? कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा लिस्टर आणि रांटा यांचा १९९७चा अभ्यास आहे. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के अशाच, वाक्य हळूच सुधारून म्हणण्याच्या होत्या. मुलांनी त्यांना काही प्रतिसाद दिला तो जेमतेम ३१ टक्के वेळा. हे मी कधीच वाचलं होतं. माझ्याच वर्गात मात्र ऐकलं नव्हतं.

पुढच्या तासाला गृहस्थ ‘हाबे’ म्हणताच मी थांबवलं. ‘हाबे की बिन?’

ते गोंधळले. ‘म्हणजे माझं चुकतंय? मॅडम, तुम्ही तर दर वेळी ‘अच्छा’ म्हणता!’

मी त्यांची माफी मागितली. त्या तासात ते निम्मंच बोलले. प्रत्येक ‘बिन’च्या आधी क्षणभर थांबत होते.